अमेरिकेच्या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानांतून दोघांची रोड ट्रिप : उद्याने किती घ्यावीत, मुक्काम किती करावा?

केतकी_र

नमस्कार. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझा नवरा लॉस एंजेलिसहून गाडीने निघून नैर्ऋत्य अमेरिकेतील वाळवंटी राष्ट्रीय उद्याने पाहण्याचे ठरवीत आहोत. हाताशी साधारण दोन आठवडे आहेत. मुले शिक्षणासाठी बाहेर पडल्यानंतर दोघांनीच मिळून करायचा हा पहिलाच मोठा प्रवास असल्यामुळे तो नीट व्हावा, असे दोघांनाही मनापासून वाटते. मतभेद आहे तो संख्येवरून.

नवऱ्याच्या यादीत जोशुआ ट्री, डेथ व्हॅली, झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटल रीफ, आर्चेस, कॅन्यनलँड्स, पेट्रिफाइड फॉरेस्ट आणि शेवटी टूसॉनजवळचे सग्वारो अशी नऊ उद्याने आहेत. इतक्या लांब जायचेच आहे तर वाटेवरचे काही सोडू नये, कारण असा योग पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. मला मात्र तीन किंवा चार ठिकाणी राहावे, एकाच दरीत सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही पाहाव्यात, असे वाटते. ज्यांनी हा प्रदेश गाडीने पाहिला आहे त्यांनी आपापला अनुभव आणि मत सविस्तर लिहावे, ही विनंती. दोघांचा प्रवास म्हणून काही वेगळे लक्षात घ्यावे लागते का, तेही सांगावे.

आडवाट_७

केतकीताई, आधी अंतरे मांडून पाहा. तुम्ही दिलेली नऊ उद्याने जोडून लॉस एंजेलिसला परत यायचे म्हटले तर केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यासाठीच दोन हजार मैलांच्या आसपास गाडी चालवावी लागेल, आणि यात उद्यानांच्या आतील फिरणे धरलेले नाही. आतील अंतरेही किरकोळ नसतात. डेथ व्हॅली हे अलास्का वगळता मुख्य भूमीवरील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान असून त्याचे क्षेत्र सुमारे ३४ लाख एकर आहे. तिथे ‘जरा पुढचे ठिकाण पाहून येऊ’ म्हणताना अर्धा दिवस कसा जातो ते कळत नाही.

दुसरे म्हणजे वाळवंटात दिवसाचे सगळे तास सारख्या मोलाचे नसतात. सकाळी दहानंतर आणि दुपारी चारच्या आधी ऊन डोक्यावर असते, डोंगरांच्या घड्या सपाट दिसू लागतात, रंग फिके पडतात आणि प्राणी बिळांतून बाहेर येत नाहीत. डेथ व्हॅलीतील झब्रिस्की पॉइंटवर दुपारी एक वाजता उभे राहिलेला माणूस आणि सूर्योदयाला उभे राहिलेला माणूस, दोघांनी एकच जागा पाहिली असे मी तरी म्हणणार नाही. म्हणून उद्याने मोजण्याऐवजी हाताशी किती सकाळी आणि किती संध्याकाळी आहेत ते मोजा. ज्या उद्यानाला निदान दोन सकाळी देता येत नाहीत, ते या खेपेला यादीतून काढा.

भूस्तर

आडवाट यांचा सकाळ-संध्याकाळचा मुद्दा मान्य आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. या प्रदेशाचे खरे वैभव त्याच्या विविधतेत आहे आणि ती विविधता प्रवास केल्याशिवाय कळत नाही.

उत्तर अमेरिकेची वाळवंटे सर्वसाधारणपणे चार मानतात : मोहावी, सोनोरन, चिवावन आणि ग्रेट बेसिन. नवऱ्याने केलेल्या यादीत यांपैकी मोहावी आणि सोनोरन ही दोन आहेत, आणि शिवाय कोलोराडो पठार आहे, ज्याला अनेक जण उंचावरचे थंड वाळवंट म्हणतात. डेथ व्हॅलीत जमीन ताणली जाऊन दोन्ही बाजूंचे डोंगर वर उचलले गेले आणि मधला पट्टा खाली खचला. म्हणूनच दरीच्या तळाचे बॅडवॉटर हे मीठपठार समुद्रसपाटीपेक्षा २८२ फूट खाली आहे आणि त्याच उद्यानातील टेलिस्कोप पीक ११,०४९ फूट उंच आहे. याउलट कोलोराडो पठार फारसे न मोडता अखंड वर उचलले गेले, त्यामुळे झायनपासून कॅन्यनलँड्सपर्यंत गाळाचे थर जवळजवळ आडवेच राहिले आणि नद्यांनी ते उभे चिरले. डेथ व्हॅलीतील तिरपे, पिळवटलेले खडक पाहिल्यावर दोन दिवसांच्या आत यूटामधील आडव्या थरांसमोर उभे राहण्याने जे समजते, ते एकाच दरीत आठवडाभर बसून समजणार नाही. मी तर सहा उद्याने नक्की करावीत असे सुचवेन.

शेवंती

भूस्तर, तुमचा प्रतिसाद वाचून दोन्ही नकाशे शेजारी शेजारी उघडून बसले आहे. फार छान समजावले आहे.

अनघा_द

दोन वाळवंटांतील फरक पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही, तो एकट्या जोशुआ ट्री उद्यानात दिसतो. उद्यानाचा पश्चिमेकडचा उंच भाग मोहावी वाळवंटात येतो, आणि पूर्वेकडे उतरत साधारण तीन हजार फुटांच्या खाली गेले की सोनोरन वाळवंटाचा कोलोराडो नावाचा उपविभाग सुरू होतो. गाडीतून जाताना एका टप्प्यावर जोशुआ ट्री संपतात आणि क्रिओसोटची आणि ओकोटिओची काटेरी झुडपे आणि चोया निवडुंग सुरू होतात. हा बदल डोळ्यांसमोर होत असतो, फक्त गाडी हळू चालवायला हवी.

जोशुआ ट्री म्हणजे युका प्रजातीतील वनस्पती. तिचे परागीभवन युका पतंग नावाचा छोटासा पतंगच करतो. मादी एका फुलातील पराग तोंडाजवळच्या खास अवयवांनी गोळा करते, तो गोळा घेऊन दुसऱ्या फुलावर जाते, बीजांडकोशात अंडी घालते आणि मग पराग स्वतःहून कुक्षीवर ठेवते. अळ्या काही बिया खातात आणि उरलेल्या बियांतून नवी झाडे होतात. झाडाला दुसरा परागवाहक नाही आणि पतंगाला अंडी घालायला दुसरे झाड नाही. ही गोष्ट ठाऊक असताना त्या झाडांखाली उभे राहण्याची मजा निराळी असते.

एक व्यावहारिक सूचना. चोया निवडुंगाच्या बागेत जाताना खिशात साधा कंगवा ठेवा. चोयाच्या कांडीला ओझरता स्पर्श झाला तरी ती सुटून अंगाला किंवा बुटाला चिकटते, कारण तिच्या काट्यांवर मागे वळलेले सूक्ष्म दाते असतात. हाताने ओढायला गेलात तर बोटांतही काटे रुततात. कंगवा कांडी आणि कातडी यांच्या मध्ये सरकवून एका झटक्यात ती दूर उडवायची असते. उडवताना जोडीदार समोर उभा नाही ना, तेवढे पाहावे.

जुना_चालक

उद्याने तीन करा की नऊ, गाडीचे नियम बदलत नाहीत, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

टायर पहिले. डेथ व्हॅलीत कच्चे रस्ते शेकडो मैल आहेत आणि त्यांवरचे दगड धारदार आहेत. रेसट्रॅक प्लाया या कोरड्या तळ्याकडे जाणारा रस्ता यूबेहीबी क्रेटर या ज्वालामुखीच्या विवरापासून सुमारे २७ मैल कच्चा आहे, त्यावर सतत खडखडणाऱ्या आडव्या लाटा आहेत आणि साध्या गाडीच्या टायरांची तिथे धडगत नसते. भाड्याच्या गाडीचा करार असेल तर तो नीट वाचा, कारण बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई असते आणि तशा जागी पंक्चर झाले तर ओढून आणण्याचा सगळा खर्च तुमच्यावर येतो. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याला भाड्याच्या गाडीत स्टेपनीऐवजी केवळ हवा भरण्याचा संच मिळाला होता आणि ते वाळवंटात पोहोचल्यावर कळले. गाडी ताब्यात घेतानाच डिकी उघडून पूर्ण आकाराची स्टेपनी, जॅक आणि पाना आहे की नाही ते पाहून घ्या.

पेट्रोलच्या बाबतीत टाकी अर्धी झाली की भरायची, हा नियम ठेवा. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीक, स्टोव्हपाइप वेल्स आणि पॅनामिंट स्प्रिंग्ज येथे पंप आहेत, पण तिथला दर बाहेरच्या मानाने बराच चढा असतो. जोशुआ ट्री उद्यानाच्या आत पंप नाही आणि मोहावी नॅशनल प्रिझर्व्ह या संरक्षित प्रदेशातही नाही. यूटात इंटरस्टेट ७० वर ग्रीन रिव्हर ते सलायना या सुमारे ११० मैलांत पंप, उपाहारगृह असे काहीही नाही. तशी पाटी रस्त्यावर लावलेली असते, ती गंभीरपणे घ्यावी.

घाट चढताना इंजिनाच्या तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवा. डेथ व्हॅलीत शिरताना आणि बाहेर पडताना लांबच लांब चढण लागते आणि तिथे एसी बंद करा अशा सूचनेचे फलक आहेत. उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवण्याऐवजी खालचा गिअर वापरा. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशे आधी उतरवून ठेवा आणि प्रवेशद्वारावर मिळणारा कागदी नकाशा हाताशी राहू द्या. नकाशाच्या ॲपने जवळचा म्हणून सुचवलेला अनोळखी कच्चा रस्ता या प्रदेशात घेऊ नये. त्यातून माणसे अडकून दगावल्याच्या घटना डेथ व्हॅलीत घडल्या आहेत.

मिहिका

पंक्चरचा विषय निघालाच आहे तर डेथ व्हॅली जंक्शनची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती एका जोडप्याच्या प्रवासातूनच सुरू झाली.

मार्टा बेकेट या न्यूयॉर्कच्या नर्तिका १९६७ साली पतीसह डेथ व्हॅलीत तंबू ठोकून राहण्यासाठी आल्या होत्या. गाडीचा टायर पंक्चर झाला म्हणून ती दुरुस्त करून घेण्यासाठी ते डेथ व्हॅली जंक्शनला थांबले. बोरॅक्स (टाकणखार) काढणाऱ्या कंपनीच्या काळातील ती जवळजवळ ओस पडलेली वसाहत होती. टायरचे काम चालू असताना मार्टाबाई फिरत फिरत तिथल्या एका जुन्या, बंद सभागृहापाशी गेल्या, दाराच्या भोकातून त्यांनी आत डोकावून पाहिले आणि हे आपले रंगमंदिर आहे असे त्यांच्या मनाने घेतले. सभागृह भाड्याने घेऊन १९६८ च्या फेब्रुवारीत त्यांनी पहिला प्रयोग केला. वाळवंटात प्रेक्षक कुठून येणार? म्हणून त्यांनी भिंतींवर स्वतःच्या हाताने प्रेक्षक रंगवले : राजा, राणी, सरदार, जोगिणी असा सगळा दरबार सज्जांमध्ये बसवला, म्हणजे नाट्यगृह कधी रिकामे राहू नये. पुढे चार दशकांहून अधिक काळ त्या तिथे नाचत राहिल्या आणि २०१७ साली, ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

केतकीताई, तुम्ही पूर्वेकडून डेथ व्हॅलीत शिरणार असाल तर हे सभागृह, म्हणजे अमारगोसा ऑपेरा हाउस, वाटेतच आहे. थांबण्यासाठी वेळ राखून ठेवलेला असेल तरच अशी ठिकाणे दिसतात. नऊ उद्यानांच्या यादीत त्यांना जागा उरत नाही.

सदाफुली

मिहिका, नाटकवेड्या माणसाला तुम्ही फारच मोठे आमिष दाखवलेत. आमचा मार्ग आजच बदलला.

रमाकाका

दोघांच्या प्रवासाबद्दल धागाकर्तीने विचारले आहे आणि त्यावर अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

आम्ही दोघेही साठीच्या पुढे आहोत. माझी पत्नी पहाटे उठणारी आणि मी रात्री जागणारा. वाळवंटात दोन्ही वेळा मोलाच्या आहेत आणि दोन्ही एकाच माणसाने रोज साधायच्या म्हटल्या तर तिसऱ्या दिवशी दोघांची चिडचिड सुरू होते. आम्ही तोडगा काढला तो असा, की एक दिवस पहाटेचा आणि दुसरा दिवस रात्रीचा, आणि दुपारी दोघांनीही पडद्याआड निवांत झोपायचे. दुपारची झोप म्हणजे वेळ वाया घालवणे, ही समजूत वाळवंटात सोडून द्यावी, कारण तिथले कोल्हे आणि कांगारू उंदीरही उन्हात फिरत नाहीत.

गाडी चालवणे वाटून घ्या, पण सोबत दुसरे कामही वाटून घ्या. जो चालवत नाही त्याने नकाशा, पाणी आणि पुढचा थांबा पाहायचा, आणि चालवणाऱ्याला रस्त्यावरून नजर काढायला लावायची नाही. ‘ते बघ, ते बघ’ असे म्हणण्याऐवजी ‘पुढच्या मोकळ्या जागी थांबव’ असे म्हणावे. आमच्या घरी या एका वाक्याने बरीच शांतता आणली आहे.

गुडघ्यांचा प्रश्न असेल तर आधीच मोकळेपणाने बोलून ठेवावे. पत्नीला फार चढ-उतार चालवत नाही, म्हणून डेथ व्हॅलीत मी गोल्डन कॅन्यनमध्ये एकटा चालून येत असे आणि ती तेवढा वेळ झब्रिस्की पॉइंटवर चित्रवही घेऊन बसत असे. प्रत्येक पाऊल दोघांनी मिळूनच टाकायला हवे असे नाही. मात्र एकट्याने जाताना कोणती वाट, किती वाजता परत आणि उशीर झाला तर काय करायचे, हे दुसऱ्याला स्पष्ट सांगून जावे. रेंज नसलेल्या जागी हीच खरी सोबत असते.

आडवाट_७

रमाकाका, तुमचा दिवस-रात्रीचा तोडगा अगदी पटला. सहा उद्यानांत तो बसणार नाही, एवढेच भूस्तर यांना नम्रपणे सांगतो.

भूस्तर

तेवढ्यापुरते मी माघार घेतो. पण मोहावी आणि कोलोराडो पठार, दोन्हीकडे पाय लागलेच पाहिजेत, हा माझा आग्रह कायम आहे.

तारांगण_अ

रात्रीबद्दल थोडे. डेथ व्हॅलीला २०१३ साली आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आणि तिथले आकाश फारच काळे असते. पण ते चंद्रावर अवलंबून आहे. तारखा ठरवताना आपले घरचे कॅलेंडर उघडा : कोजागरीच्या आसपास गेलात तर मीठपठारावर इतके चांदणे पडते की स्वतःची सावली स्पष्ट दिसते, पण आकाशगंगा पुसट होते. दिवाळीच्या अमावास्येजवळ गेलात तर पायाखालचे दिसत नाही आणि आकाश भरलेले असते. दोन्ही सुंदर आहे, फक्त आपल्याला काय हवे ते आधी ठरवावे. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात, म्हणून लाल प्रकाशाची विजेरी न्या आणि एकाने मोबाइलचा पडदा उजळून दुसऱ्याची मेहनत वाया घालवू नये.

स्नेहल_प

प्रवेशशुल्काबद्दल कोणी सांगेल का? वार्षिक पास अजूनही ८० डॉलरचाच आहे का? आमच्यासोबत भारतातून आलेले नातेवाईक असतील तर काही फरक पडतो का?

जुना_चालक

स्नेहल, अमेरिकेच्या रहिवाशांसाठी वार्षिक पास ८० डॉलरचाच आहे, पण जानेवारी २०२६ पासून अनिवासी लोकांसाठी तो २५० डॉलरचा झाला आहे. शिवाय ज्या अनिवासी पाहुण्यांकडे वार्षिक पास नाही, त्यांना सर्वाधिक गर्दीच्या ११ उद्यानांत नेहमीच्या शुल्काखेरीज माणशी १०० डॉलर द्यावे लागतात. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन त्या ११ मध्ये आहेत, डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री नाहीत. रहिवासी असल्याचे ओळखपत्र जवळ ठेवा. आणखी एक, डेथ व्हॅलीच्या प्रवेशशुल्कासाठी रोख रक्कम घेत नाहीत, कार्ड लागते.

झायनला जाणार असाल तर तिथल्या मुख्य दरीत हंगामात खासगी गाडी नेता येत नाही, शटल बसने जावे लागते, आणि एंजेल्स लँडिंग या कड्यावर चढणाऱ्या वाटेसाठी २०२२ पासून सोडतीने परवाना घ्यावा लागतो.

माळढोक_९

थोडा वेगळा, पण महत्त्वाचा विषय मांडतो. वाळवंट कणखर दिसते, प्रत्यक्षात ते फार नाजूक असते. यूटामधील उद्यानांत वाटेच्या बाजूला काळपट, खडबडीत, फुगलेली माती दिसते. तो सूक्ष्म जीवांचा जिवंत थर असतो. सायनोबॅक्टेरियांचे तंतू, शेवाळ आणि दगडफूल मिळून वाळूचे कण बांधून ठेवतात, पाणी धरतात आणि झाडांना नत्र पुरवतात. त्यावर एक पाऊल पडले तर तो पूर्ववत व्हायला अनेक वर्षे, कधी दशके लागतात. छायाचित्रासाठी वाट सोडून दोन पावले आत जाण्याचा मोह दोघांपैकी एकाला होतोच, तेव्हा दुसऱ्याने थांबवावे.

जोशुआ ट्रीच्या बाबतीतही हेच. मोहावी नॅशनल प्रिझर्व्हमध्ये सीमा डोम या भागात जोशुआ ट्रींचे दाट रान होते. ऑगस्ट २०२० मध्ये विजेमुळे लागलेल्या आगीत तिथली सुमारे १३ लाख झाडे होरपळून गेली. बाहेरून आलेल्या गवतांमुळे आग एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे सहज पसरते आणि ही झाडे तर अतिशय सावकाश वाढतात. तिथून जाताना एकदा गाडी थांबवून ती उभी जळकी खोडे अवश्य पाहा. नकाशावर ते प्रेक्षणीय स्थळ नाही, पण या प्रदेशाचे आज काय होत आहे ते तिथे कळते.

अनघा_द

माळढोक, सीमा डोमबद्दल लिहिलेत ते फार बरे केलेत. स्वयंसेवकांनी तिथे रोपे लावली आहेत आणि त्यांना पाणी पोहोचवण्यासाठी उंटांचीही मदत घेतली होती. काम सावकाश चालते, पण चालू आहे.

पर्जन्यछाया

वाळवंटात पुराचा धोका असतो हे नवख्यांना खरे वाटत नाही, म्हणून सांगतो. डेथ व्हॅलीत वर्षभरात सरासरी दोन इंचांच्या आसपास पाऊस पडतो, कारण प्रशांत महासागरावरून येणारे बाष्प सिएरा नेवाडा आणि मधल्या डोंगररांगा अडवून धरतात. पण २० ऑगस्ट २०२३ रोजी हिलरी वादळामुळे एका दिवसात २.२ इंच पाऊस झाला, म्हणजे वर्षाचे पाणी एका दिवसात. रस्ते वाहून गेले आणि उद्यान सुमारे दोन महिने बंद राहिले. बॅडवॉटरच्या मीठपठारावर मात्र काही महिने उथळ तळे साचले होते, हिमयुगातल्या प्राचीन मॅनली सरोवराच्या जागी. ऑक्टोबर २०१५ च्या पुराने नुकसान झालेला स्कॉटीज कॅसल तेव्हापासून पर्यटकांसाठी बंदच आहे.

खडकाळ जमीन पाणी शोषत नाही, त्यामुळे पाऊस वीस मैलांवर पडला तरी अरुंद घळीत लोंढा येऊ शकतो. झायनच्या घळींत उतरण्याआधी त्या दिवसाचा पुराचा अंदाज उद्यानाच्या रक्षकांना (रेंजर) विचारल्याशिवाय जाऊ नका. डोक्यावर निळे आकाश असणे ही खात्री नव्हे.

केतकी_र

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी हा धागा पहिल्यापासून मोठ्याने वाचला. आडवाट यांच्या सांगण्याप्रमाणे हाताशी किती सकाळी आहेत त्या मोजल्यावर नवऱ्याने स्वतःच यादीवर रेघा मारल्या. आता जोशुआ ट्री, डेथ व्हॅली, झायन आणि कॅपिटल रीफ ही चार ठरली आहेत. ब्राइस कॅन्यन झायनहून कॅपिटल रीफला जाताना वाटेत अर्धा दिवस पाहू. आर्चेस आणि कॅन्यनलँड्स सोडले, आणि सग्वारो मार्च-एप्रिलसाठी राखून ठेवले आहे. त्यावर नवऱ्याची अट अशी, की त्या प्रवासाची आखणी पूर्णपणे तो करणार. मी मान्य केले आहे.

आता दोन शंका उरल्या आहेत. त्या दिवसांत डेथ व्हॅलीत कितपत उष्मा असतो आणि पाणी किती न्यावे? आणि तीन राज्यांतून जाताना घड्याळाचे काय करायचे?

पर्जन्यछाया

फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, ते हवेच्या तापमानाचा जागतिक उच्चांक मानले जाते. ऑक्टोबरअखेरीस तशी परिस्थिती नसते. दिवसाचे तापमान साधारण ८५ ते ९० फॅरनहाइटच्या घरात जाते, नोव्हेंबरमध्ये हवा आणखी सुखद होते. दांतेज व्ह्यू हे ठिकाण बॅडवॉटरच्या वर साडेपाच हजार फुटांवर आहे आणि तिथे खालच्यापेक्षा १५ ते २५ अंश फॅरनहाइट गार असते, तेव्हा पहाटे जाताना जाकीट न्या. कॅपिटल रीफला रात्री तापमान गोठणबिंदूजवळ जाऊ शकते.

पाणी माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर धरा, आणि गाडी बंद पडली तर म्हणून आणखी काही गॅलन मागे ठेवा. हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याचे जाणवतही नाही, म्हणून तहान लागण्याची वाट पाहू नये. सोबत काहीतरी खारट खात राहावे. गाडी बंद पडलीच तर गाडीपाशीच थांबावे. मोठी गाडी शोधणाऱ्यांना दिसते, चालणारा माणूस दिसत नाही.

सदाफुली

कॅपिटल रीफ निवडलेत याचा विशेष आनंद झाला. तिथे फ्रूटा नावाच्या, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेल्या जुन्या वस्तीच्या फळबागा उद्यानाने आजही राखल्या आहेत. ऑक्टोबरअखेर फळे बहुधा संपलेली असतात, पण फ्रीमॉन्ट नदीकाठची कॉटनवुडची झाडे त्या सुमारास पिवळीधमक होतात आणि मागे तांबडे कडे असतात. महामार्ग २४ च्या कडेलाच प्राचीन काळच्या फ्रीमॉन्ट या मूळनिवासी लोकांनी खडकावर कोरलेली माणसांची आणि मेंढ्यांची चित्रे आहेत. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून ती पाहता येतात, त्यामुळे गुडघ्यांनाही त्रास नाही.

रमाकाका

घड्याळाचे मी सांगतो, कारण त्यात गोंधळ होतो. कॅलिफोर्निया आणि नेवाडा पॅसिफिक वेळेवर, यूटा माउंटन वेळेवर, म्हणजे एक तास पुढे. झायनला जाताना एक तास कमी होतो, येताना तो परत मिळतो. तुमच्या वाटेवरचा ॲरिझोनाचा छोटा कोपरा घड्याळ बदलतच नाही, पण तिथे तुम्ही थांबणार नाही.

महत्त्वाचे पुढेच आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातात आणि तो रविवार तुमच्या प्रवासात येतो. त्यानंतर डेथ व्हॅलीत संध्याकाळी पावणेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि पश्चिमेच्या पॅनामिंट डोंगरांमुळे दरीच्या तळावर सावली त्याहूनही आधी उतरते. म्हणून डेथ व्हॅली त्या रविवारच्या आधी घ्या, संध्याकाळचा एक तास जास्त मिळेल. झायन आणि कॅपिटल रीफ नंतर आले तर तिथे पहाट लवकर होईल, ती तुम्हाला हवीच आहे. त्या दिवसाचे सूर्योदय-सूर्यास्त प्रत्येक मुक्कामाच्या नावापुढे आजच लिहून ठेवा आणि फर्नेस क्रीकची खोली त्या हिशेबाने आरक्षित करा, कारण त्या दिवसांत ती लवकर भरते.

केतकी_र

रमाकाका, त्या रविवारचे आमच्या दोघांच्याही लक्षात आले नव्हते. जोशुआ ट्रीचा एक मुक्काम कमी करून डेथ व्हॅली अलीकडे घेत आहोत. खोली मिळाली की इथे कळवते.